तक्रार निरंक

नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘निरंक’ हा आहे. सरकारी मराठीत त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा होतो. रकाना रिकामा सोडला तर वरचं कार्यालय विचारतं, भरायला विसरलात का. निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नाही.

मी कर्जतच्या टेलिफोन कार्यालयात विवरणपत्रांच्या टेबलावर होतो. बाहेरच्या माणसाला हे काम काय असतं ते सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात खेड्यात फोन नेणं खात्याला परवडत नसे. खांब, तार, यंत्र, दुरुस्ती यांचा खर्च निघेल इतके कॉल तिथून होत नसत. तरी काही गावांना फोन द्यायचा, तोटा सरकारने सोसायचा, असं धोरण ठरलं. त्याच्या बदल्यात सरकारला दर तीन महिन्यांनी कळवायचं की फोन चालू आहे, लोक तो वापरतात, आणि बंद पडला तर अमुक दिवसांत दुरुस्त होतो. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरतं हे कळवण्याचं काम माझ्याकडे होतं. डावीकडे गावाचं नाव, पुढे कॉल, कॉलचा हेतू, तक्रारी, बंद दिवस, शेरा. दोन तालुक्यांतले डोंगर, ओढे आणि वाड्या एका आडव्या कागदावर मावत.

फोन बहुधा शाखा पोस्टमास्तरच्या घरी असे. शाखा पोस्टमास्तर म्हणजे पूर्णवेळ नोकर नव्हे. शेती किंवा दुकान सांभाळून घरातल्या एका खोलीत दिवसाचे दोन-तीन तास टपाल पाहणारा गावातलाच माणूस. भिंतीवर काळं यंत्र असे, त्याला आकडे नसत. बाजूचं हँडल फिरवलं की कर्जतच्या एक्सचेंजमध्ये बोर्डावरची त्या गावाची छोटी झडप खाली पडायची. ऑपरेटर तिथे दोरीचं टोक खोचून विचारायची, “बोला, कुठं लावू?”

या नोकरीआधी दोन वर्षं मी मुंबईच्या एका दैनिकात होतो. तिथल्या वृत्तसंपादकांचा आग्रह असे, की पाहिलं असेल तर पाहिलं म्हणा, ऐकलं असेल तर कोणाकडून ते सांगा, आणि दोन्ही नसेल तर लिहू नका. विवरणपत्रात तिसरी सोय नव्हती. रकाना भरावाच लागे.

कॉलच्या हेतूचा रकाना तर सगळ्यांनाच छळायचा. वैद्यकीय, शेती, शासकीय आणि खाजगी अशा चार जाती ठरवून दिल्या होत्या. खाजगी कॉल जास्त झाले तर वरून विचारणा यायची, की लोकोपयोगी योजनेत हे कसं? म्हणून गावोगावचे पोस्टमास्तर फोन करणाऱ्याला आधी हेतू विचारत. खालापूरच्या बाजूच्या एका गावात एक बाई मुंबईला गोदीत काम करणाऱ्या नवऱ्याला फोन करायला आली. म्हैस व्याली, एवढंच तिला सांगायचं होतं. पोस्टमास्तरने शेतीत नोंद केली. त्याच बाईने पुढच्या महिन्यात सासू गेल्याचं कळवलं. आता हे कशात घालायचं म्हणून पोस्टमास्तर मला विचारायला कर्जतला आला. “भाऊसाहेब, वैद्यकीय म्हनावं तर म्हातारी मेली. डाक्टरचा संबंध संपला. शासकीय करू का? दाखला काढावा लागंल ना तिचा?” मी म्हटलं, करा. त्या तिमाहीत खालापूरचे शासकीय कॉल एकाने वाढले.

वर्षातून एकदा मुंबईहून एक अधिकारी तपासणीला येत. ते गावोगाव जात नसत. एक्सचेंजमध्ये खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच एकेका गावाला फोन लावायला सांगत. एकदा एका गावातून पोस्टमास्तरच्या आईने फोन उचलला. मुलाने तिला पढवून ठेवलं होतं.

“फोन चालू आहे का?” साहेबांनी विचारलं.

“चालू हाय.”

“काही तक्रार?”

“नाय. कायसुदिक नाय.”

“पोस्टमास्तर कुठे आहेत?”

“चालू हाय,” म्हातारी म्हणाली. मग तिनेच विचारलं, “तुमचा चालू हाय ना रं बाबा?”

साहेब हसले. सगळं एक्सचेंज हसलं. शेऱ्यात ‘समाधानकारक’ लिहिलं गेलं. जी गावं लागली नाहीत त्यांच्यापुढे ‘लाइन व्यस्त’ असं लिहिलं गेलं. तेही त्याच शाईने.

आता तक्रारीच्या रकान्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. परिपत्रकात तक्रारीची व्याख्या होती. एक्सचेंजच्या तक्रार नोंदवहीत ऑपरेटरने लिहून जिला डॉकेट नंबर दिला, ती तक्रार. त्या नोंदीपासून बंद दिवस मोजायला सुरुवात व्हायची आणि दुरुस्तीच्या नोंदीला मोजणी थांबायची. गावातला फोन बंद पडला तर गावातून फोन करून तक्रार देता येत नाही, ही गोष्ट परिपत्रक लिहिणाऱ्याला सुचली नसावी. माणूस चालत येऊन चिठ्ठी देई. ती चिठ्ठी एक्सचेंजच्या दाराशी न जाता माझ्या खिडकीत येई, आणि माझ्याकडे आलेला कागद म्हणजे पत्र. त्याला आवक नंबर पडे. पत्र ही तक्रार नव्हे.

ते पत्र उचलून दहा पावलांवरच्या ऑपरेटरकडे नेलं असतं तर तिने डॉकेट नंबर दिला असता. आम्ही तसं करत नसू. तार किंवा सुटे भाग हाताशी नसताना तक्रार नोंदवली, तर बंद दिवस चढत जात आणि खुलासे मागवले जात. म्हणून पद्धत अशी पडली होती, की माल येईपर्यंत तक्रार कागदावर ठेवायची. माल आला की सकाळी तक्रार नोंदवायची आणि संध्याकाळी दुरुस्ती दाखवायची. बंद दिवस एक. ही पद्धत मी आलो तेव्हाही होती. मी ती शिकलो आणि नंतर आलेल्यांना शिकवली.

सावरगव्हाण हे गाव कळंबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. एसटी कळंबपर्यंत जायची, पुढे पायवाट आणि मध्ये ओढा. तिथले शाखा पोस्टमास्तर जाधव. पन्नाशीचे, काटकुळे, पांढरा सदरा आणि वर जुना काळा कोट. वडिलांसोबत तरुणपणी त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती. आळीतला पहिला सातवी पास माणूस तेच. त्यांच्या घरी फोन बसणार असं ठरलं तेव्हा गावातून एक अर्ज आला होता, की यंत्र देवळाजवळच्या जागेत बसवावं, ती जागा मध्यवर्ती आहे. दुसरं कारण लिहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे उत्तर गेलं, की शाखा पोस्ट जिथे असेल तिथेच फोन.

आमचा लाइनमन धोंडू भोईर यंत्र बसवायला गेला होता. वरच्या आळीतला पहिला माणूस फोन करायला आला ते त्याने पाहिलं. तो माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, तुमीच बोला. मी हितनं सांगतो.”

मास्तरांनी रिसीव्हरची दोरी ताणून दारापर्यंत आणली आणि त्याच्या हातात दिली. “तोंड माजं चालंल एक येळ,” ते म्हणाले, “पर तुमच्या पोराला कान तुमचाच लागंल. तो काय बोलतो ते मी कशाला ऐकू?”

त्याने घेतला. पुढच्या वेळी तो आत आला. वर्षभरात सावरगव्हाणचे कॉल माझ्या कागदावर चांगले दिसू लागले. वैद्यकीय रकाना खरा होता. कळंबहून गाडी मागवायला, कर्जतच्या दवाखान्यात निरोप द्यायला लोक येत. वरच्या ठाकूरवाडीतली माणसं पण उतरून येत.

शिमग्यानंतरच्या आठवड्यात धोंडू माझ्या टेबलाशी आला. “सावरगव्हाणची तार गेली,” तो म्हणाला.

“तुटली?”

“तुटंल कशाला? कापून नेली. कळंबच्या पुढं सात खांबांमधली. नुसते खांब हायेत उभे, कावळ्यांना बसायला.”

तांब्याची तार चोरीला जाण्याचे ते दिवस होते. भट्टीत वितळवली की कोणाची ते ओळखता येत नसे. पोलिसांत कळवलं, भांडाराकडे नव्या तारेची मागणी पाठवली. भांडाराने कळवलं, की साठा नाही.

दोन दिवसांनी जाधवमास्तर खिडकीशी आले. “भाऊसाहेब, फोन बंद हाय. लिवून आणलंय.”

मी पत्र घेतलं. “तार गेलीय मास्तर. आम्हाला कळलंय.”

“त्ये ठीक. तक्रारीचा नंबर द्या.”

“पत्राला आवक नंबर पडेल.”

“आवक नको. तुमच्याच परिपत्रकात लिवलंय, डॉकेट नंबर घ्यावा. मला पाठवलंय ना तुमी, फळ्याला लावलंय मी.”

“तार आली की लगेच नोंदवून घेतो.”

मास्तर खिडकीशी वाकले. “तार आल्यावर तक्रार कशाला लागंल, भाऊसाहेब?”

मागून कोणी तरी हसलं. मी पण हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर माझी सही मागितली, ती मी दिली, आणि ते गेले.

असं चार वेळा झालं. महिन्याला एक पत्र. अक्षर मोत्यासारखं, मजकूर मोजका. तिसऱ्या पत्रात एक वाक्य जास्त होतं. ‘माझी मुलगी सुलभा पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली आहे व पावसाळ्यात ओढ्यामुळे गावाचा रस्ता बंद होतो, तरी तातडीने विचार व्हावा.’ मी त्यावर ‘भांडाराला स्मरणपत्र’ असा शेरा मारला आणि स्मरणपत्र खरोखर पाठवलं. मग ते फाइलला लावलं.

जूनअखेरचं विवरणपत्र भरताना सावरगव्हाणच्या ओळीत मी लिहिलं: कॉल निरंक. तक्रार निरंक. बंद दिवस निरंक. सप्टेंबरअखेरही तेच लिहिलं. खोटं लिहितोय असं वाटलं का, असं मला कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं, की वाटलं नाही. डॉकेट नंबर नव्हता म्हणजे तक्रार नव्हती. तक्रार नव्हती म्हणजे बंद दिवस नव्हते. व्याख्येप्रमाणे सगळं बरोबर होतं. तीन रकान्यांची बेरीज कोणी तरी करणार आहे, हे लक्षात आलं नाही.

बेरीज वर झाली. दिवाळीनंतर पत्र आलं. सावरगव्हाण येथील फोन दोन तिमाही सुस्थितीत कार्यरत असूनही त्यावरून एकही कॉल झालेला नाही, सबब तेथे फोनची गरज दिसून येत नाही, तोट्याची भरपाई अशा ठिकाणी देता येत नाही, यंत्र काढून घ्यावं व काढणीचं विवरण सादर करावं.

मी ते पत्र घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब भले होते, निवृत्तीला आले होते. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“तार तर अजून आलेली नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग फोन बंद होता.”

“हो.”

“आपण काय कळवलंय?”

मी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. “आता बंद होता म्हणून कळवलं, तर दोन तिमाही चुकीच्या कळवल्या असं होईल. आणि मग बाकीच्या गावांचंही बघतील.” त्यांनी पत्र परत माझ्याकडे सरकवलं. “जाऊन या.”

काढणीच्या वेळी कार्यालयातला एक माणूस लागतो, म्हणून धोंडूबरोबर मी गेलो. सावरगव्हाण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं ते माझ्यासाठी कागदावरची एक ओळ होतं. भाताची कापणी झालेली होती, उडवी रचलेली होती. ओढ्याला घोट्याइतकं पाणी होतं.

मास्तर दारात होते. आत भिंतीवर यंत्र होतं, त्यावर धुतलेल्या कापडाचा तुकडा टाकलेला. मुलगी सुलभा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्याजवळ मूल दिसलं नाही. मी विचारलं नाही.

मी आदेश वाचून दाखवला. मास्तरांनी तो स्वतःच्या हातात घेऊन परत वाचला. ‘सुस्थितीत कार्यरत’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“हे कोणी लिवलं?”

“वरून आलंय.”

“वर कोणी कळवलं?”

धोंडू बाहेर जाऊन बिडी पेटवायला लागला. मी म्हणालो, “विवरणपत्रात तक्रारीची नोंद नव्हती.”

“माजी चार पत्रं?”

“फाइलला आहेत.”

मास्तरांनी फळीवरून एक वही काढली. रोज दोनदा फोन तपासून नोंद ठेवावी असं परिपत्रक होतं. ते कोणी पाळत नसे, आणि पाळलं की नाही हे आम्ही विचारत नसू. मास्तरांनी पाळलं होतं. सकाळी आठ, फोन बंद. संध्याकाळी पाच, फोन बंद. पानामागून पान. श्रावणातल्या एका दिवशी तिसरी नोंद होती. दुपारी एक, फोन बंद.

“ह्या दिशी हिला कळा सुटल्या,” ते म्हणाले. “ठावं व्हतं बंद हाय ते. तरी हँडल फिरवलं. हात जातो ना. ओढा भरलेला. झोळी करून नेली, काठाला दोन तास बसलो पानी उतराया. वरच्या आळीतले चौघं खांद्याला व्हते. कळंबात गाडी नव्हती. कर्जतला पोचलो तवा उशीर झाला. डाक्टर बोलला, तासभर आधी आनली असती तर पोर हाती आलं असतं.” त्यांनी वही मिटली. “ही वाचली.”

मी पिशवीतून काढणीचा नमुना काढला.

काढणीच्या नमुन्यावर फोन राखणाऱ्याची सही लागते. कारणाच्या जागी मी कार्यालयातूनच लिहून आणलं होतं: ‘वापर नसल्याने’. मास्तरांनी पेन घेतलं. सहीच्या आधी त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘फोन शिमग्यापासून बंद होता. वापरता येत नव्हता. चार पत्रे दिली आहेत.’ मग सही केली.

“मास्तर, असा शेरा चालत नाही,” मी म्हणालो.

“मी बी पोस्टमास्तर हाय भाऊसाहेब. कागद मी बी ओळखतो. खरं लिवलेलं चालत नसंल तर तसं मला लिवून द्या.”

आतून सुलभा म्हणाली, “आबा, देऊन टाका की. नुसतं भिंतीला टांगून काय करायचंय?”

धोंडूने चार स्क्रू काढले. यंत्र मी पिशवीत घातलं. परत येताना कळंबपर्यंत धोंडू माझ्या पुढे चालत होता. एसटीत बसल्यावर म्हणाला, “तुमी ती पत्रं बोर्डावरच्या नाईकबाईकडं दिली असती तर?”

“तर बंद दिवस किती झाले असते माहीत आहे?”

“मला नाय ठावं,” तो म्हणाला. “मास्तरला ठावं हाय. वहीत हायेत.”

काढणीचा नमुना वरून परत आला. ‘शेरा अनावश्यक. कोऱ्या नमुन्यावर सही घेऊन फेरसादर करावा.’ मी कोरा नमुना टपालाने पाठवला. उलट टपाली मास्तरांनी तो परत पाठवला, सोबत एका ओळीची चिठ्ठी: ‘कारण तुम्ही लिहा. त्याखाली माझी सही येणार नाही.’

पुरा भरलेला नमुना नसेल तर फोन नोंदीतून कमी होत नाही. डिसेंबरअखेर विवरणपत्र भरताना माझं पेन सावरगव्हाणच्या ओळीवर आलं. मी मुख्य लिपिकांना विचारलं. ते म्हणाले, “कमी होत नाही तोवर आहे.” बंद करण्याचा आदेश एकदा निघालाच होता, त्यामुळे वरून दुसरा निघाला नाही. साहेब निवृत्त झाले. नवे साहेब आले, त्यांना जुनं माहीत नव्हतं. यंत्र माझ्या मागच्या फळीवर, गावाच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवलेलं होतं. आणि मी दर तीन महिन्यांनी लिहीत राहिलो. कॉल निरंक. तक्रार निरंक. बंद दिवस निरंक. वृत्तपत्रात असतो तर अशा माणसाविषयी मी दोन कॉलमांची बातमी लिहिली असती.

दोनेक वर्षांनी डोंगरपायथ्याच्या गावांसाठी नवीन फोन देण्याची योजना आली. सावरगव्हाणने ग्रामपंचायतीचा ठराव पाठवला. पहिल्यांदा देवळाजवळ यंत्र बसवा म्हणून अर्ज करणाऱ्यांच्याही त्यावर सह्या होत्या. नियमाप्रमाणे मी नोंदवही पाहिली आणि उत्तराचा मसुदा केला. ‘आपल्या गावी सार्वजनिक फोन यापूर्वीच कार्यरत असून त्याबाबत कोणतीही तक्रार प्राप्त नाही. सबब नवीन फोन देता येत नाही.’ मसुदा करताना फळी माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर होती. साहेबांनी न वाचता सही केली.

ते पत्र घेऊन मास्तर आले. बुधवार होता, दुपारी बाराची वेळ. केस पूर्ण पांढरे झाले होते. या वेळी ते खिडकीशी थांबले नाहीत, सरळ आत आले.

“भाऊसाहेब, आमच्या गावात फोन हाय म्हनं.”

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

“मी त्या गावात ऱ्हातो. मला दिसला नाय. म्हनलं तुमाला दिसला आसंल.” मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. “हा काय. हितं हाय व्हय. चिठ्ठी बी हाय नावाची.”

कार्यालयात सहा-सात माणसं होती. सगळ्यांनी मान खाली घातली.

“मास्तर, तुम्ही त्या नमुन्यावर सही केली नाहीत म्हणून नोंद राहिलीय,” मी म्हणालो. हे म्हणालो ते मला आजही ऐकू येतं.

“म्हंजी माज्यामुळं.”

“तसं नाही...”

“ऱ्हाऊद्या. एक काम करा. कागदावर हाय ना? मग एक फोन लावून दाखवा. लागला तर मी ठराव परत नेतो.”

एक्सचेंजचं दार उघडंच होतं. कुमुद नाईक बोर्डावर होत्या. वीस वर्षं याच बोर्डावर बसलेल्या, गावोगावच्या माणसांना आवाजावरून ओळखणाऱ्या. त्यांनी हेडफोन मानेवर ओढला. “कोण, सावरगव्हाणचे मास्तर का? या इकडे. काय झालं?”

“बाई, आमच्या गावाला फोन लावा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी दोरी उचलली, सावरगव्हाणच्या भोकात खोचली, आणि घंटीची कळ दाबली. एकदा, दोनदा, तीनदा.

“लागत नाही,” त्या म्हणाल्या.

“मंग तक्रार घ्या.”

त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकलो असतो, की घ्या. नको असंही म्हणू शकलो असतो. दोन्हीपैकी काहीच म्हणालो नाही. नाईकबाईंनी नोंदवही पुढे ओढली, तारीख घातली, वेळ घातली, गावाचं नाव लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते.

“लिहून घ्या मास्तर, डॉकेट नंबर,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी कोटाच्या खिशातून ती वही काढली आणि नंबर लिहून घेतला. आकडा बरोबर आहे ना म्हणून परत वाचून दाखवला.

त्या एका नोंदीचं काय झालं ते सांगून टाकतो. बंद दिवस मोजले जाऊ लागले आणि ते थांबेनात. विचारणा आली, चौकशी झाली, चार पत्रं फाइलमधून निघाली. माझी वेतनवाढ रोखली गेली, ती योग्यच होती. दीड वर्षाने सावरगव्हाणला नवी तार ओढली गेली आणि फोन लागला. तोवर मास्तरांनी पोस्ट सोडलं होतं. नवा पोस्टमास्तर वरच्या आळीतला होता, घर देवळाशेजारी, त्यामुळे यंत्र देवळाजवळ बसलं. मास्तर तिथे फोन करायला जात की नाही, मला माहीत नाही.

हे सगळं माझ्यापासून लांब, कागदावर झालं. त्या बुधवारी दारातून बाहेर पडताना मास्तर थांबले आणि माझ्याकडे वळले.

“नंबर पडल्यावर किती दिसांत दुरुस्ती?”

“सात दिवस,” मी म्हणालो. नियम तसाच होता.

“म्हंजी फुडला बुधवार. मी गुरुवारी येतो. तुमी असाल ना?”

“असेन.”

गुरुवारी मास्तर आले. कार्यालय उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसले होते, असं नाईकबाईंनी नंतर सांगितलं. कोणी तरी त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला. माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर ते दुपारपर्यंत बसून होते. कोणाशी भांडले नाहीत. मी घरी होतो. सकाळीच शेजाऱ्याबरोबर रजेचा अर्ज पाठवला होता. कारण म्हणून प्रकृती अस्वास्थ्य लिहिलं होतं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.